दोरात ओवलेली नदी

पार्बताबाई, तुमच्या जाळ्याचा दोर उंदरांनी कुरतडला नव्हता. तो मी कापला होता. नव्या ब्लेडने, शाळेच्या टेबलावर, एका रविवारी सकाळी. हे वाक्य सहा महिने माझ्या ओठांपर्यंत यायचं आणि तुमचा चेहरा पाहिला की पुन्हा पोटात जायचं. काल तुमची तेरवी झाली. आज हे लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण कोणी वाचून दाखवलं की मधेच थांबवून तुम्ही "हे परत वाचा" म्हणायचात. म्हणून थोडं सावकाश लिहितो.

आपली ओळख झाली तीच मुळी एका तक्रारीने. मी सावलीच्या शाळेतून तुमच्या गावात घरोघरी नावं लिहायला आलो होतो. सरकारला कसलीही यादी हवी असली की मास्तरांना पाठवतात. तुमच्या कुडाच्या कुंपणावर फेकायचं जाळं वाळत होतं आणि त्याच्या काठावर, शिशाच्या गोळ्यांच्या मधेमधे, लाल दगडाचे मणी लटकत होते. काही पांढरे पट्टे असलेले, काही शंखाचे, काही नुसते भाजलेल्या मातीचे. मी वही मांडीवरून खाली टाकली आणि जाळ्याला नाक लावून उभा राहिलो. तुम्ही मासोळ्या साफ करता करता म्हणालात, "मास्तर, आधी नाव लिवा, मंग जाळं पाहा. मागच्या टायमाले माहं नाव राह्यलं होतं."

मी इतिहासाचा मास्तर. म्हणजे आठवड्याचे चार तास इतिहास आणि उरलेले तास खिचडी, हजेरी आणि शौचालयाचे फोटो. त्या मण्यांनी मला वेड लावलं. असा लाल अकीक दगड आपल्या नदीत तयार होत नाही. तो शेकडो कोसांवरून, पश्चिमेकडून आलेला. शंख समुद्रातला. मी तुमच्या अंगणात बसून तुम्हाला शिकवलं की दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठाने, पुढे प्राणहिता आणि गोदावरी धरून थेट समुद्राकडे जाणारी वाट होती. वरून मणी यायचे, खालून शंख आणि मीठ यायचं, इथल्या जंगलातली लाख आणि हस्तिदंत बाहेर जायचं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "मंग आनलं कोनं?"

"व्यापाऱ्यांनी. बैलांचे तांडे घेऊन येत असत."

"मी खालून, सिरोंच्याकडून आली, मास्तर. मले कोन्या व्यापाऱ्यानं आनलं का?"

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटलं नाही. तुमचं म्हणणं असं की मणी इतक्या लांब पोरींच्या गळ्यातून येतात. एक पोरगी दहा कोसांवर दिली जाते, तिची पोरगी आणखी दहा कोसांवर, आणि शंभर वर्षांत मणी नदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. मी म्हणायचो, बाई, पुराव्याशिवाय असं बोलता येत नाही. तुम्ही म्हणायचात, पुरावा तुमच्यासमोर बसून मासोळी कापून राह्यला.

आणि खरंच कापत होतात. लग्न होऊन आलात तेव्हा तुम्ही मासोळीला तुमच्या माहेरच्या तेलुगूत 'चेपा' म्हणायचात आणि सासरचे हसून लोळायचे. वीस वर्षांनी तुमची सासूच बाजारात "आज चेपा लय भेटले" म्हणायला लागली, हे तुम्ही किती वेळा सांगितलंत. रश्श्यात चिंचेचा कोळ घालायचा तोही तुम्हीच आणलात. आता त्या गावात चिंचेशिवाय रस्सा केला तर लोक विचारतात, तब्येत बरी नाही का. जाळ्याची अर्धी बाजू सासूच्या गाठीने विणलेली होती, अर्धी तुमच्या माहेरच्या गाठीने. दोन्ही गाठी मी हाताने चाचपून पाहिल्या, तुमची अधिक घट्ट होती. हे मी तुमच्यासमोर कधी कबूल केलं नाही. तुम्ही आधीच चढून बसला होतात.

आता त्या दोराबद्दल. हे मला तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं. पूर ओसरला की दरडी ढासळतात आणि त्यांतून मणी बाहेर पडतात. तुमच्या घरात कोणालाही मणी सापडला की तो जाळ्याच्या काठदोरात ओवायचा, अशी तुमच्या सासूची रीत. भोक तयारच आहे, मग फेकायचा कशाला, एवढाच तिचा हिशेब. पण कुठेही ओवायचा नाही. दोराच्या एका टोकाला काळी गाठ. तिथून नदी जशी वाहते तसे डोह आणि घाट मोजत जायचं: हत्तीडोह, कोसमघाट, रांजणखडक, जांभूळदरड, असं खालपर्यंत. मणी ज्या दरडीत सापडला त्याच जागी त्याला बसवायचं. वरचा वर, खालचा खाली. तुम्ही पहिल्याच महिन्यात मला सांगितलं होतं, "हे जाळं म्हंजे नदीच हाये." मला वाटलं, बाई कौतुकाने बोलताहेत. मी मान डोलावली आणि फोटो काढला.

अक्कल गहाण टाकणं म्हणजे काय ते मला दिवाळीनंतर कळलं. शहरातल्या एका संग्रहालयाच्या साहेबांना मी मण्यांबद्दल लिहिलं होतं. त्यांनी चांगले फोटो मागितले. मी तुमच्याकडून दोन दिवसांसाठी जाळं नेलं. जाळ्यासकट फोटो नीट येईनात, सावल्या पडत होत्या. मला वाटलं, दोर काय, नवा लावता येईल. ब्लेड घेतली, एकेचाळीस मणी सोडवले, रंगाप्रमाणे वेगळे केले आणि काड्यापेट्यांत भरले. लाल एका पेटीत, पट्ट्यांचे दुसऱ्या, शंखाचे तिसऱ्या. पांढऱ्या कागदावर ओळीत मांडून फोटो काढताना मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. घरी येऊन मी दोन कप चहा घेतला.

जाळं परत द्यायच्या आधीच साहेबांचं उत्तर आलं. फोटो उत्तम आहेत. पहिला प्रश्न: कोणता मणी कुठे सापडला?

मी उड्या मारत तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "जाळं आना, त्याच्यावरच तं लिवलं हाये." तुमच्या अंगणात उभ्या उभ्या मला समजलं की मी काय केलंय. एका बाईने, तिच्या सुनेने आणि त्या दोघींच्या घरातल्या माणसांनी साठ-सत्तर वर्षं, एक अक्षर न शिकता, प्रत्येक मण्याची जागा जपली होती. जे काम करताना भलेभले शिकलेले चुकतात ते त्यांनी दोरावर करून ठेवलं होतं. आणि ते एका सकाळी पुसलं कोणी, तर ज्याला त्याचं मोल कळतं असं गावभर सांगत फिरणाऱ्या माणसाने.

मी खोटं बोललो. म्हणालो, जाळं शाळेच्या कपाटात होतं, उंदीर शिरले, दोर कुरतडला, मणी तेवढे वाचवले. दुसऱ्या दिवशी दोराचे तुकडे घेऊन आलो, जणू पुरावाच. तुम्ही एक तुकडा उचललात, त्याचं टोक अंगठा आणि बोटामधे फिरवलंत, पुष्कळ वेळ. मग एवढंच म्हणालात, "असन उंदीर." आणि खाटेवर जागा करून दिलीत. "पेट्या आना. जितके याद येतीन तितके सांगीन."

त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजिरवाणे होते आणि सगळ्यात चांगलेही, हे मी आज खरंच सांगतो. तुमची छाती भरत चालली होती. एक मणी हातात घ्यायचात, डोळे मिटून त्याच्या अंगावर बोट फिरवायचात. "हा कोसमघाटचा. याले टवका हाये पाहा, थो बैलाच्या खुरानं उडाला असन असं माहा सासरा म्हने." मी वहीत लिहायचो आणि नव्या दोरात गाठ घालायचो. कधी दिवसाला तीन, कधी एकही नाही. एकदा तुम्ही एक मणी अर्धा तास हातात धरून बसलात आणि शेवटी तो परत पेटीत ठेवलात. "नाई बापा. अंदाजानं सांगीन तं तुमी खरं समजून लिवान." इतकी कडक शिस्त मी कुठल्याही पुस्तकात पाहिली नाही. माझ्या गाठी ढिल्या पडायच्या म्हणून तुम्ही मला तुमच्या माहेरची गाठ शिकवलीत. मास्तरांना शिकवताना तुम्हाला फार मजा यायची. तिसऱ्यांदा चुकलो की म्हणायचात, "पोट्टे कसे पास होते वो तुमचे?"

आणि दर दोन-चार दिवसांनी तुम्ही एक गोष्ट सुचवायचात. वडसाला तुमची नणंद आहे, रुखमाबाई. जाळं जिने सुरू केलं तिची पोटची लेक. "रुखमीले इचारा. थे मायच्या मांडीवर बसून डोह मोजाले शिकली." मी "हो हो, जाऊ एकदा" म्हणायचो. वडसा काही परदेशात नाही. पण रुखमाबाईंकडे गेलो असतो तर त्यांनी पहिलं हेच विचारलं असतं की मायचं जाळं तुटलं कसं. तुमच्यासमोर उंदीर चालून गेले, त्यांच्यासमोर चालतील याची खात्री नव्हती. एका उंदराच्या आडोशाला बसून मी सहा महिने काढले आणि तुमच्या श्वासाबरोबर मणी कमी कमी होत गेले.

तेवीस झाले. चोविसावा तुमच्या हातात होता तेव्हा तुम्ही म्हणालात, "उद्या." मीही थकलो होतो. सायकल काढली आणि निघालो. बाई, मी बसायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी मी पेट्या परत द्यायला आलो. तुमची सून मंदा भांडी घासत होती. मी रडवेल्या तोंडाने म्हणालो, उंदरांनी घात केला, नाहीतर... मंदाने तांब्या खाली ठेवला. "मास्तर, आता तरी उंदीर सोडा. सासूबाईले पह्यल्या दिवशीच मालूम होतं. म्हने, उंदीर दोर चावते तं धागे फुगते. हा एका झटक्यात कापला हाये."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. मी विचारलं, मग त्या मला बोलल्या का नाहीत?

"मी बी इचारलं. म्हने, बोलली तं मास्तर लाजून येनं बंद करन. मंग बाकीचे मनी कोन लिवन?"

इतके दिवस मी मनातल्या मनात तुम्हाला भोळी समजत होतो. काही दिवस तर क्षमाशील वगैरेही समजलो, आणि त्या क्षमेवर थोडा ऐसपैस बसलोही होतो. तुम्ही मला क्षमा केली होती की नाही, ते मला अजून माहीत नाही. तुम्ही मला कामाला लावलं होतं. मी पळून जाऊ नये म्हणून तुम्ही गिळलंत, आणि म्हणूनच रुखमाबाईंना तुम्ही स्वतः फोन केला नाहीत. माझी अब्रू तुमच्या हातात होती आणि तुम्ही ती दोरासाठी वापरलीत. मला याचा राग यावा, तर राग येत नाही. नुसतं भरून येतं. एवढा माझा उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

त्या दिवशी घरी जाताना मी ठरवलं. अठरा मणी उरले होते. ते सांगू शकणारं एक माणूस वडसात होतं आणि तिच्यापर्यंत जायचा रस्ता माझ्या खोटेपणाने अडवला होता. तो मीच मोकळा करायचा होता.

काल तेरवीला रुखमाबाई आल्या होत्या. तुमच्याहून ठेंगण्या, आवाज दुप्पट. पंगत उठली, बाया अंगणात सुपारी कातरत बसल्या. मी उभा राहिलो. म्हणालो, "बाईंचं जाळं उंदरांनी नाही कुरतडलं. मी कापलं. आणि मी बाईंशी खोटं बोललो."

रुखमाबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. "काऊन कापलं?"

"मण्यांचे फोटो नीट यावेत म्हणून."

"फोटोसाठी?" त्या म्हणाल्या. आणि मग जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ते तुम्हीही ऐकलं असतंत तर पदर तोंडाला लावून हसला असतात. माझ्या शाळेचा, पगाराचा, माझ्या आईने मला काय खाऊ घातलं त्याचा, सगळ्याचा उद्धार झाला. मी खाली मान घालून पूर्ण ऐकलं. ते माझंच होतं. शेवटी त्यांना दम लागला. पाणी प्यायल्या आणि विचारलं, "वहिनीनं कुठपर्यंत सांगतलं?"

"तेवीस."

"आना इकडं."

मग काय झालं ते तुम्ही पाहायला हवं होतं. त्यांनी काळ्या गाठीपासून दोर बोटांतून सरकवत नेला आणि डोहांची नावं म्हणायला लागल्या, भरभर, पाढे म्हणावेत तशी. एखाद्या मण्याशी थांबायच्या, तुम्ही सांगितलेलं मी वहीतून वाचून दाखवायचो, आणि त्या म्हणायच्या, "बराबर." एकही तुमचा मणी चुकला नाही. मग पेट्या उघडल्या. मोहल्ल्यातल्या दोन म्हाताऱ्याही पुढे सरकल्या. एक म्हणाली, "हा तं माह्यासमोर भेटला, जांभूळदरडीले, वांगी तोडून येत होतो." बारा मणी जागेवर बसले. मी गाठी मारत होतो आणि रुखमाबाई माझी गाठ पाहत होत्या. "हे वहिनीची गाठ हाये," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला.

त्या बारांपैकी एक लाल, लांबट मणी त्यांनी उचलला आणि डोक्याला लावला. "हा नदीचा नाई. हा माह्या आजीच्या गळ्यातला. वैरागडकडची होती थे. मायले देल्ला, मायनं सगळ्यात वर, काळ्या गाठीपाशी बांधला." मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. बाई, हा मणी तुमच्या बाजूचा. पोरीच्या गळ्यातून नदीकाठाने खाली आलेला, साक्षीदारासकट. एका मण्याने सगळा वाद संपत नाही, व्यापाऱ्यांना मी अजून सोडलेलं नाही. पण तुमची बाजू मी आता पुराव्यासकट मांडणार आहे, साहेबांपुढेही आणि सातवीच्या वर्गापुढेही. भांडायला तुम्ही नाही, याची मला किती सवय करावी लागणार आहे.

साहेबांचा सकाळी फोन आला होता. पुढच्या आठवड्यात मणी संग्रहालयात न्यायला माणूस पाठवतो, पेटीत भरून तयार ठेवा म्हणाले. मी सांगितलं, मणी पेटीतून जाणार नाहीत. गेलेच तर दोरासकट, डोहांच्या नावांसकट, ज्यांनी जागा सांगितल्या त्या बायांच्या नावांसकट जातील. आणि जायचे की नाही ते रुखमाबाई आणि मंदा ठरवतील. ते काहीतरी नियमांबद्दल बोलले. मी म्हणालो, नियम अवश्य पाळू, आधी काम पूर्ण होऊ द्या. इतका उद्धट मी आजवर कोणा साहेबाशी बोललो नव्हतो.

अजून सहा मणी उरलेत. रुखमाबाईंनी ते एकेक करून हातात घेतले, पुन्हा घेतले आणि खाली ठेवले. अंदाज त्यांनीही सांगितला नाही. म्हणाल्या, "अंगनात बसून नाई होत. दरडीवर उभी राह्यली तं येईन ध्यानात." त्यांचे गुडघे दुखतात, बाहेर ऊन तापलंय, पण त्या वडसाला परत गेल्या नाहीत, थांबल्या आहेत. उद्या सकाळी आम्ही निघतोय, हत्तीडोहापासून खाली, पायी. मंदा भाकरी बांधून घेणार आहे. एक दिवस पुरला नाही तर परवा, नाहीतर तेरवा. नदी आटलेली आहे, दरडी उघड्या आहेत.

जे मणी तरीही बसणार नाहीत ते मी कुठेतरी अंदाजाने ओवणार नाही. त्यांच्यासाठी दोराच्या शेवटी जागा मोकळी सोडलीय आणि वहीत त्या जागेसमोर लिहून ठेवलंय: यांचे घाट हरवले, कारण मास्तराने दोर कापला. खाली माझं पूर्ण नाव आहे.